टेपचं मला सांगू नकोस

वर्धा

चि. सोनूस,

काल वहिनीचा फोन आला. बोलता बोलता रडायलाच लागली. तुझा मेसचा डबा तसाच परत जातो, रोज सकाळी टेप घेऊन आरशासमोर उभी राहतेस, आणि दोन महिने पाळी नाही, असं तुझ्या खोलीतल्या मुलीनं तिला सांगितलं. खरं आहे का हे? जेवतेस ना तू?

टेपची मापं घालून मोबाइलनं तुझी चरबी 25 टक्के दाखवली आणि दादाची 16, म्हणून हे सगळं? अगं, बाईच्या अंगात पुरुषापेक्षा चरबी जास्तच असते, असावीच लागते. तुझ्या वयाला 25 काही वावगं नाही. ती फार घटली, पोटाला अन्न नसलं, की पाळी थांबते. इतकी शिकलेली तू, हे तुला मी सांगायचं?

टेपचं मला सांगू नकोस. जन्म गेला माझा ब्लाउज शिवण्यात. माप घेताना बाया श्वास ओढून पोट आत घेतात, म्हणून मी आधी बोलतं करते, श्वास सुटला की टेप लावते. कापडी टेप वापरून वापरून ताणतो. तुझ्या त्या हिशेबात कंबर आणि नितंब मिळवून मान वजा करतात, मग उंची धरतात. जेवणानंतर कंबर 3 सेंटिमीटर फुगली तरी आकडा दीड टक्का चढतो. आणि हे सूत्र बसवलं 1984 साली, अमेरिकेच्या नौदलातल्या माणसांच्या मापांवरून. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचं उंची-वजनाचं गुणोत्तर अगदी एकच होतं, 22.3, तरी यंत्रानं मोजलेली चरबी याज्ञिकांची 21 टक्के, युडकिन यांची 9. 2004 साली त्यांनीच ते छापलं. मग तिकडच्या सूत्रावर तू आपलं ताट का लोटतेस?

कंबर मोजायचीच तर महिन्यातून एकदा मोज. आपल्याकडच्या बायकांना डॉक्टर 80 सेंटिमीटरची हद्द सांगतात. तुझी 68 आहे. दिवाळीचा ब्लाउज मीच शिवला ना! मग जेवत का नाहीस?

तुझ्या वयात मला सगळे जाडी म्हणत. फोटो निघाला की मी मागे सरकायची. माझ्या लग्नाआधीचा आईसोबतचा एकही फोटो आज घरात नाही. ती गेल्यावर किती शोधला.

रागावले, मनावर घेऊ नकोस. शनिवारी गाडीत बस. सोमवारी सेवाग्रामला कस्तुरबा दवाखान्यात जाऊ, मी सोबत आहे. बाबांना काही सांगणार नाही. गोरस भांडारातून गोरसपाक आणून ठेवते. खावासा वाटला तर खा, नाही तर राहू दे. तू नुसती ये. जशी आहेस तशी आम्हाला हवी आहेस, माय.

तुझी,
आत्या