थेरपी मोफत, फेऱ्या महाग: भामरागडच्या पालकांसाठी

भामरागड तालुक्यातल्या आईबापांनी ऑक्युपेशनल थेरपीचा खर्च काढताना फीची काळजी सोडून द्यावी. जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या सरकारी दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पैसा जातो तो गडचिरोलीच्या फेऱ्यांत आणि बुडालेल्या मजुरीत. म्हणून फेऱ्या कमी कशा होतील, ते आधी पाहायचं.

हाताने जेवणं, बटण लावणं, उकिडवं बसणं, पाटीवर पेन्सिल टेकवणं अशी वयाप्रमाणे यायला हवीत ती कामं मुलाला अडत असतील, तर ती शिकवणं किंवा जमतील अशी सोय करून देणं, हे या थेरपिस्टचं काम. महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. कमलाताई निंबकरांनी 1950 मध्येच मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचं शिक्षण सुरू केलं होतं.

मग जायचं कधी? चार महिने होऊनही बाळ मान धरत नाही किंवा मुठी सतत आवळलेल्या राहतात. नऊ महिन्यांचं झालं तरी आधाराशिवाय बसत नाही. दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही. यांतलं एक जरी दिसलं तर दाखवायलाच हवं. पहिल्या वाढदिवसाआधीच बाळ एकच हात वापरत असेल तर डावखुरं आहे म्हणून सोडून देऊ नका, दुसऱ्या हातात कमजोरी असू शकते. जन्मतः न रडलेलं, दिवस भरण्याआधी जन्मलेलं, मेंदूच्या मलेरियातून वाचलेलं मूल असेल तर लक्षण दिसायची वाटही पाहू नये. सिकलसेलच्या मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला तर मात्र थेरपीचा विचार नंतर. त्याच क्षणी 108 ला फोन करून दवाखाना गाठायचा. पुजाऱ्याकडे जाऊन आला असाल तरी संकोच न करता डॉक्टरांना सांगा, त्यासाठी कुणी उपचार नाकारत नाही. ‘मोठं झालं की चालेल’ या एका वाक्यापायी मात्र फार मुलांची पहिली दोन-तीन वर्षं वाया जातात, आणि मेंदू सगळ्यात लवकर शिकतो तो याच वर्षांत.

पहिली तपासणी गावातच होते. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येते, तेव्हा शंका बोलून दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांच्याकडून गडचिरोलीच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी घ्या, आणि थेरपिस्ट कोणत्या दिवशी हजर असतात हे फोन करून विचारायला त्यांनाच सांगा. हा एक फोन अख्खी फेरी वाचवतो.

आता फेरीचा हिशेब. भामरागड ते गडचिरोली आलापल्लीमार्गे सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. एसटीचं पूर्ण तिकीट एका बाजूने तीनशेच्या घरात. आईला निम्मं, म्हणजे जाऊन-येऊन तीनशे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, बारापर्यंत अर्धं. रोहयोचा 2025-26 चा दर 312 रुपये धरला तर दोन दिवसांची मजुरी 624 रुपये. जेवणखाण धरून फेरी हजार ते बाराशेला पडते, बाप सोबत आला तर दुप्पट. दर आठवड्याला गेलात तर महिन्याला साडेचार-पाच हजार, आणि तेंदूच्या हंगामात तर कमाईचे दिवसच जातात. एवढ्या ओढाताणीत अनेकांचं जाणं काही फेऱ्यांनंतर थांबतं. तो दोष पालकांचा नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा: आम्ही महिन्यातून एकदा येऊ, घरी करायचं ते शिकवा. थेरपिस्टने करून दाखवलेलं मोबाइलवर चित्रित करून घ्या. तुम्ही करताना ते बघतील असं पाहा. घरी माडियाच बोलत असाल तर मराठी जाणणारं कुणी सोबत न्या, नाहीतर अर्ध्या सूचना तिथेच राहतात. घरच्या व्यायामाला विकतचं सामान क्वचितच लागतं. चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब किंवा चिंधी गुंडाळून तो जाड केला की घट्ट मूठ न वळणाऱ्या मुलालाही धरता येतो. पाय कडक होऊन एकमेकांवर चढणाऱ्या मुलाला कडेवर घेताना त्याचे पाय कमरेच्या दोन्ही बाजूंना फाकवून घ्यावेत. आपल्याकडच्या बाया तसंच घेतात आणि ते योग्यच आहे. आडवं निजवून भरवू नये, ठसका लागतो. मोहफुलं वेचून टोपलीत टाकणं हा बोटांचा उत्तम व्यायाम आहे. चिंचोके मात्र लहानग्यांच्या हाती नकोत, घशात अडकतात.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ऑक्युपेशनल थेरपीचा स्वतंत्र विभाग आहे. गुंतागुंत असली तरच तिथे जावं, कारण अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. शहरातली खाजगी केंद्रं एका सत्राला साधारण चारशे ते आठशे रुपये घेतात. माझ्या मते भामरागडच्या कुटुंबाने त्यासाठी कर्ज काढू नये.

गडचिरोलीच्या त्याच फेरीत दिव्यांग प्रमाणपत्राचं काम उरका. नोंदणी मोफत आहे. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर एसटीत 75 टक्के सवलत मिळते. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी ‘निरामय’ आरोग्य विमा आहे: वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, त्यात थेरपीही धरलेली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला नोंदणीला 250 रुपये लागतात, इतरांना 500. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत थेरपी मात्र थांबवू नका, तिला त्याची गरज नसते.

पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो. तेव्हा पहिली भेट मे अखेरीपर्यंत उरका आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांचा व्यायाम एकदमच लिहून आणा. मधल्या काळात मुलाचं बसणं-धरणं दर पंधरवड्याला चित्रित करून ठेवा. पावसाळ्यानंतरच्या भेटीत थेरपिस्टला ते दाखवा.