मंत्रानं न सुटणारा पेच

अगं, स्वतः रचलेला प्रसंग मंडळींना खेळवणार आहेस, तर आधी त्यातली कुलुपं, भिंती, पहारेकरी काढून टाक. जादूच्या खेळात ते पाच मिनिटं टिकत नाहीत. तुमच्या ‘आर्स मॅजिका’ या १९८७च्या भूमिका-खेळात पाच क्रिया नि दहा विषय जोडून खेळाडू बसल्या बैठकीला नवा मंत्र रचतो, तो काय करील याचे अंदाज बांधत बसू नकोस. पेचच असा घाल की मंत्रानं सुटू नये: दिलेला शब्द, टळणारी वेळ, एकाच वस्तूवर दोघांचा खरा हक्क.

आणि त्यासाठी बेंगळुरूबाहेर जायला नको. १९९०च्या दशकात इथं दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, लिहिलेलं असायचं. रात्री हडळ घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारते, ‘उद्या ये’ वाचून माघारी जाते, अशी वदंता होती. हडळीला जाळणं तुझ्या खेळाडूंना सोपं आहे. पण हाक खरोखरच गावाहून आलेल्या आईची असली तर? यावर ते भांडू लागले की तू मध्ये अजिबात बोलायचं नाहीस. घटकाभर भांडू देत.

वेळेचा पेच हवा असेल तर गवी गंगाधरेश्वराचं गुहेतलं देऊळ घे. संक्रांतीच्या संध्याकाळी सूर्यकिरण नंदीच्या शिंगांमधून पिंडीवर येतात, ते थोडाच वेळ. शाप त्या उजेडातच सुटेल असं ठरव नि टेबलावर खरं घड्याळ ठेव.

हक्काचा पेच तर इतिहासानंच घालून ठेवलाय. केंपेगौडांचं हे गाव १६३८मध्ये विजापूरकरांनी जिंकलं, शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. १६८७मध्ये त्यांचे पुत्र एकोजीराजे ते तीन लाखांना विकायला निघाले, तेवढ्यात मुघल घुसले, आणि अखेर ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेलं. त्या धामधुमीत किल्ल्यात पुरलेली मंत्रांची पोथी आज कुणाची? सगळ्या वारसांना बोलायला लाव. प्रत्येकाचं म्हणणं पटलं पाहिजे.

एक मात्र कटाक्षानं पाळ. बेंगळुरूचा करगा उत्सव ही लोकांची चालती उपासना आहे. मिरवणूक तवक्कल मस्तान दर्ग्याशी थांबते, हे प्रसंगात जरूर येऊ दे, पण तिथं राक्षस बसवू नकोस. टेबलाशी बसलेल्या एखादीच्या घरी ते व्रत असेल.

लिहायचं ते एकाच पानावर. तीन माणसं, प्रत्येकाला काय हवंय, आणि कुणी काहीच केलं नाही तर सकाळपर्यंत काय घडेल. शेवट लिहू नकोस, तो खेळाडूंचा आहे.