आकाशातील तुकड्यांचा माग

२ एप्रिल २०२२ चा दिवस. त्या दिवशी गुढीपाडवा होता. संध्याकाळी रमजानचा चाँद दिसला होता, त्यामुळे पुष्कळ लोकांचे लक्ष आकाशाकडे होतेच. पावणेआठच्या सुमारास विदर्भातील लोकांना आकाशातून जळत जाणाऱ्या तेजस्वी रेषा दिसल्या. कोणाला वाटले उल्का पडली, कोणाला वाटले विमान पेटले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी या गावी, धातूचे एक भले मोठे कडे येऊन पडले. त्याचा व्यास सुमारे तीन मीटर होता. आसपासच्या भागात धातूचे पोकळ गोळेही सापडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

हे कडे आले कोठून? तज्ज्ञांनी आपल्या नोंदी तपासल्या. चीनने २०२१ मध्ये सोडलेल्या एका अग्निबाणाचा रिकामा टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणार होता आणि त्याचा मार्ग महाराष्ट्रावरून जात होता. ते कडे त्याचेच असावे, असे त्यांनी सांगितले. वर्षभर हा टप्पा पृथ्वीभोवती फिरत होता आणि कोणीतरी त्याचा मार्ग सतत लिहून ठेवत होते, म्हणूनच हे सांगता आले.

उर्दूत ज्याला आपण मसनूई सय्यारा म्हणतो, तो मराठीत कृत्रिम उपग्रह. त्याच्या फिरण्याच्या वाटेला उर्दूत मदार म्हणतात, मराठीत कक्षा. या कक्षांमध्ये आज चालू उपग्रहांबरोबरच बंद पडलेले उपग्रह, अग्निबाणांचे रिकामे टप्पे आणि फुटलेल्या यंत्रांचे तुकडे फिरत आहेत. यालाच अवकाशातील कचरा म्हणतात. युरोपीय अवकाश संस्थेच्या अंदाजाप्रमाणे एक सेंटिमीटरपेक्षा मोठे असे बारा लाखांहून जास्त तुकडे आहेत. एक सेंटिमीटर म्हणजे केवढा? वाटाण्याएवढा. पण त्याचा वेग सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर असतो. या वेगाने मुंबईहून पुण्याला जायला वीस सेकंदही लागणार नाहीत. असा वाटाणा उपग्रहावर आदळला, तर उपग्रह निकामी होतो.

मग या वस्तूंचा माग काढायचा कसा? याची सुरुवात ४ ऑक्टोबर १९५७ रोजी झाली. त्या दिवशी रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. तो रेडिओवर 'बीप, बीप' असा आवाज पाठवत असे. अमेरिकेतील विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख या दोन तरुण शास्त्रज्ञांनी तो आवाज ऐकून नोंदवला. रेल्वे फाटकाजवळ उभे असताना तुम्ही शिट्टी ऐकली असेल. गाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढा वाटतो आणि गाडी पुढे निघून जाताच तो उतरतो. स्पुटनिकच्या लहरींतही असाच बदल होत होता. केवळ त्या बदलावरून या दोघांनी उपग्रहाची कक्षा गणिताने शोधून काढली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यासाठी त्यांनी कोणतेही नवे मोठे यंत्र बांधले नव्हते.

परंतु स्पुटनिकची बॅटरी तीन आठवड्यांत संपली आणि तो मुका झाला. मुक्या वस्तूला शोधायला डोळे हवेत. म्हणून जगात बारा ठिकाणी खास कॅमेरे बसवण्यात आले. त्यांपैकी एक आपल्या देशात नैनिताल येथे होता. मात्र कॅमेऱ्याला ढग चालत नाहीत आणि दिवसाचा उजेडही चालत नाही. रडारला दोन्ही चालतात. रडार रेडिओलहरी सोडते. त्या वस्तूवर आपटून परत येतात. येण्याजाण्याला किती वेळ लागला, यावरून अंतर कळते. वस्तू ८०० किलोमीटर दूर असेल, तर हा वेळ सेकंदाच्या दोनशेव्या भागाहून किंचित जास्त भरतो.

आपल्या श्रीहरिकोटा येथे 'इस्रो'ने असेच एक रडार उभारले आहे. जुन्या रडारची तबकडी एका वस्तूमागे वळवावी लागे. या नव्या रडारची तबकडी हलत नाही. तिच्यावरील हजारो लहान घटक मिळून लहरींची दिशा बदलतात. त्यामुळे ते एकाच वेळी दहा वस्तूंचा माग काढू शकते. ८०० किलोमीटरवरची सुमारे ३० सेंटिमीटरची, म्हणजे तुमच्या पट्टीच्या लांबीची, वस्तू त्याला दिसते. त्याहून बारीक तुकडे मात्र त्याच्या हातून निसटतात.

येथे कोणी विचारील, वस्तू एकदा दिसली, तिची कक्षा काढली, मग काम संपले नाही का? नाही. ४००-५०० किलोमीटर उंचीवरही हवेचा अतिशय विरळ थर असतो. सूर्य जास्त तापट झाला की ही हवा फुगते आणि वस्तूंना जास्त अडवते. शिवाय तुकडे कोलांट्या घेत फिरतात. कधी त्यांची रुंद बाजू पुढे असते, कधी अरुंद. त्यामुळे आज काढलेले उत्तर चार दिवसांनी चुकते. पुन्हा मोजावे लागते, पुन्हा गणित करावे लागते.

ही चूक किती महाग पडते, ते १० फेब्रुवारी २००९ रोजी दिसले. रशियाचा बंद पडलेला 'कॉसमॉस २२५१' आणि अमेरिकेचा चालू असलेला 'इरिडियम ३३' हे उपग्रह सायबेरियाच्या वर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले. ते एकमेकांपासून ५८४ मीटर अंतरावरून जातील, असा अंदाज निघाला होता. अशा जवळून जाण्याचे कितीतरी अंदाज रोज निघत, म्हणून कोणी इरिडियमला बाजूला घेतले नाही. या टकरीतून दोन हजारांहून अधिक मोठे तुकडे निर्माण झाले.

दोष फक्त इतरांचाच आहे, असे मात्र समजू नका. डिसेंबर २००१ मध्ये आपल्या पीएसएलव्ही अग्निबाणाचा एक वापरलेला टप्पा कक्षेत फुटला आणि त्याचे तीनशेच्या वर तुकडे नोंदले गेले. टप्प्यात उरलेले इंधन हे अशा स्फोटांचे नेहमीचे कारण असते. पुढच्या उड्डाणांत काम झाल्यावर उरलेले इंधन बाहेर सोडून टप्पा निर्धोक करण्याची व्यवस्था 'इस्रो'ने केली. माझ्या मते हे संशोधन नव्या रडारइतकेच मोलाचे आहे.

जुलै २०२२ मध्ये अवकाशातील वस्तूंवर लक्ष ठेवण्यासाठी बंगळुरू येथे 'इस्रो'चे स्वतंत्र केंद्र सुरू झाले. प्रत्येक उड्डाणाआधी अग्निबाणाच्या वाटेत कोणती वस्तू येते का, हे तपासले जाते. ३० जुलै २०२३ रोजी पीएसएलव्हीचे एक उड्डाण याच कारणाने एक मिनिट उशिरा झाले. त्याच महिन्याच्या १४ तारखेला चांद्रयान-३ निघाले. साऱ्या देशाचे डोळे दूरदर्शनच्या पडद्याकडे होते. तेही चार सेकंद थांबवण्यात आले होते. चार सेकंद म्हणजे डोळ्यांची पापणी काही वेळा लवेपर्यंतचा वेळ. तेवढ्यात वरचा तुकडा सुमारे तीस किलोमीटर पुढे निघून जातो.