तिसऱ्या घंटेआधी कॉलर माइकची तपासणी

नाटकाचे कॉलर माइक लावताना बहुतेक जण आधी माइक चालू करून ‘हॅलो, चेक’ म्हणतात. सुरुवात उलटी करा. सगळे ट्रान्समीटर बंद ठेवा, फक्त रिसीव्हर चालू करा आणि त्यावरचे आरएफचे, म्हणजे रेडिओ सिग्नलचे, दिवे बघा. माइक बंद असताना एकही दिवा लागता कामा नये. लागला, तर त्या फ्रिक्वेन्सीवर आधीच कुणीतरी आहे.

रिकाम्या, अंधाऱ्या रंगमंचावर हे बघून मात्र काही उपयोग नाही. स्पॉट, एलईडी वॉल, प्रोजेक्टर, विंगेतले वॉकीटॉकी, प्रयोगात जे जे चालणार ते सगळं चालू करा. आरएफचे दिवे चढले की एकेक वस्तू बंद करत जा. जी बंद केल्यावर दिवे उतरतात ती दोषी. अँटेना तिच्यापासून लांब न्या. एलईडी वॉलच्या मागे रिसीव्हर कधीच ठेवू नका.

आता स्कॅन करून मोकळी जागा शोधा. जुना सेट ७०३ मेगाहर्ट्झच्या वरचा असेल, तर तिथे आता मोबाइलचा पट्टा आहे. तो सेट बदललेलाच बरा.

फ्रिक्वेन्सी समान अंतरावर ठेवायचा मोह आवरा. समजा, दोन माइक ६००.० आणि ६००.४ वर आहेत. त्यांच्या मिश्रणातून ५९९.६ आणि ६००.८ वर भुताटकीचे सिग्नल उठतात. तिसरा माइक ६००.८ वर ठेवलात, तर तो नेमका त्यात सापडतो. कंपनीने दिलेले ग्रुप याच हिशोबाने केलेले असतात, ते वापरा. मग सगळे माइक चालू करून एकेक बंद करा आणि त्याच्याच चॅनेलचा दिवा विझतो का बघा. हीच खरी परीक्षा.

खरखर लपवण्यासाठी स्क्वेल्च, म्हणजे कमजोर सिग्नल कापण्याची पातळी, वाढवू नका. खरखर जाईल, पण नटाचा आवाज रंगमंचाच्या कोपऱ्यात तुटेल. त्यापेक्षा अँटेना डोक्यांच्या वर, इंग्रजी व्ही आकारात आणि रंगमंच थेट दिसेल अशा ठेवा. माणसाचं शरीर सिग्नल शोषतं. म्हणून ट्रान्समीटर कमरेला लावून, अँटेनांकडे पाठ आणि पोट दोन्ही करून, सगळा रंगमंच फिरून बघा. बॅटऱ्या नव्याच घाला.

प्रेक्षक आत आले, त्यांचे मोबाइल आले की आरएफचे दिवे पुन्हा एकदा बघा. एक मोकळी फ्रिक्वेन्सी कागदावर लिहून रिसीव्हरला चिकटवून ठेवा. पडदा उघडल्यावर शोधायला वेळ मिळत नाही.