वस्तीवस्तींमधील बिनतारी बोलणें : यंत्रांची निवड कशी करावी?

आमच्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्याचें घर पुष्कळदां गांवठाणांत नसून मळ्यांत असतें. कृष्णाकांठीं उसाच्या फडांमधून एकेक वस्ती दोन-तीन शेतांच्या अंतरानें वसलेली आहे, आणि पश्चिमेस पाटण, जावळी, महाबळेश्वर ह्या तालुक्यांत एकाच गांवाच्या वाड्या डोंगराच्या निरनिराळ्या सोंडांवर विखुरल्या आहेत. एरवीं हें अंतर कांहींच नव्हे. परंतु ओढा भरला, वाट तुटली व रात्र पडली म्हणजे तेंच ओलांडणें जिवावरचें होतें. अशा वेळीं शेजारच्या घराशीं बोलण्याचें साधन कोणतें असावें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा विचार हौसेचा नव्हे. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे लोक झोंपेंत असतां कोयनेचा भूकंप झाला व दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर गेलें. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत पाटण तालुक्यांतील आंबेघर, मिरगांव व ढोकावळे येथें दरडी कोसळून माणसें गाडलीं गेलीं, आणि वाटा बंद झाल्यामुळें मदत पोंचण्यास वेळ लागला. पथकें येईपर्यंतचे पहिले तास शेजाऱ्यांच्याच हातीं असतात. महसूल खात्यांत दप्तर सांभाळतांना आमच्या वारंवार पाहण्यांत आलें कीं, नुकसानीची वर्दी कचेरींत लिहिली जाई तोंपर्यंत घटना शिळी झालेली असे. तीच वर्दी शेजारच्या वस्तीस त्या घटकेस कळती, तर पंचनाम्यांतील कांहीं रकाने रिकामे राहिले असते.

आतां कोणी म्हणेल, घरोघर मोबाईल असतां हें दुसरें यंत्र कशास? तर मोबाईलचें बोलणें शेजारच्या घरास जावयाचें असलें तरी सरळ जात नाहीं. तें आधीं मनोऱ्याकडे जातें, तेथून तारेनें अगर बिनतारी मार्गानें कंपनीच्या मुख्य केंद्राकडे, आणि मग परत फिरून शेजाऱ्याकडे येतें. वीज गेली म्हणजे मनोरा कांहीं तास बॅटरीवर व पुढें डिझेलवर चालतो. डिझेल पोंचविणारी वाटच तुटली कीं तो मुका होतो. उलट वॉकी-टॉकी नांवाचें जें हातांत धरावयाचें यंत्र, तें एका हातांतून दुसऱ्या हातांत सरळ बोलतें; मध्यें कोणी नाहीं. हाच त्याचा गुण, व थोडक्या अंतरापुरतेंच चालतें ही त्याची मर्यादा.

यंत्र घेण्यापूर्वीं कायदा समजून घ्यावा. परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणें हा १९३३ च्या कायद्यापासून अपराध मानला गेला आहे, व आतां २०२३ चा दूरसंचार कायदाही झाला आहे. तथापि केंद्र सरकारच्या २०१८ च्या नियमांनीं ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यांतील अल्पशक्तीच्या यंत्रांस परवान्यांतून सूट मिळाली आहे. आपणांस हींच यंत्रें घ्यावयाचीं आहेत. यंत्रास सरकारची उपकरण-प्रकार मान्यता, म्हणजे व्यापारी जिला इ. टी. ए. म्हणतात ती, आहे कीं नाहीं हें पाहावें व तिचा क्रमांक पावतीबरोबर जपून ठेवावा. ऑनलाइन दुकानांत पुष्कळ अशीं यंत्रें विकलीं जात कीं जीं वाटेल त्या लहरीवर लावतां येतात. म्हणून २०२५ सालीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें अशा विक्रीसाठीं मार्गदर्शक नियम केले. "पांच वॅट, सर्व चॅनेल, परवाना नको" असें ज्या जाहिरातींत लिहिलें असेल तें यंत्र स्वस्त असलें तरी घेऊं नये. पोलिसांच्या अगर रुग्णवाहिकेच्या लहरींत आपलें बोलणें शिरल्यास आपण दुसऱ्याच्या संकटांत भर घालतों.

दुसरी गोष्ट पल्ल्याची. खोक्यावर "दहा किलोमीटर" असें छापलेलें असतें; तें मोकळ्या पाण्यावर किंवा डोंगरमाथ्यावरून खरें ठरेलही, पण उसाच्या फडांत नव्हे. ह्या लहरी बहुतांशीं नजरेप्रमाणें सरळ रेषेंत जातात. सपाट जमिनीवर नजर कोठवर पोंचते ह्याचें ढोबळ गणित असें : डोळ्याच्या उंचीच्या मीटरांचें वर्गमूळ काढून त्यास साडेतीननें गुणावें, म्हणजे किलोमीटर येतात. दीड मीटर उंचीवर यंत्र धरल्यास सुमारें सव्वाचार किलोमीटर होतात. दुमजली घराच्या स्लॅबवरून, म्हणजे ९ मीटरांवरून, साडेदहा होतात. दोन्ही बाजूंचीं अंतरें मिळवून जें येतें ती केवळ वरची मर्यादा समजावी. ओला ऊस, दाट झाडी व भिंती लहरी शोषून घेतात, आणि डोंगराची सोंड आड आली तर बोलणें बहुधा खुंटतेंच. अर्ध्या वॅटच्या यंत्राचा पल्ला आमच्या भागांत एक-दोन किलोमीटर धरून चालावें, व डोंगराळ मुलुखांत त्याहूनही कमी. शक्तीपेक्षां उंचीचा उपयोग अधिक, हें ध्यानांत ठेवावें. मात्र वीज कडाडत असतां स्लॅबवर अगर झाडाखालीं जाऊन बोलूं नये. घरांतच, खिडकीपासून दूर राहावें.

म्हणून सर्व वस्त्यांसाठीं एकदम यंत्रें न घेतां आधीं दोनच घ्यावीं व पाहणी करावी. गांवच्या गट-नकाशाची एक प्रत घेऊन तिच्यावर घरांच्या जागा मांडाव्या. एकानें एका घरीं बसावें, दुसऱ्यानें घरोघर जाऊन बोलावें, आणि स्वच्छ ऐकूं आल्यास अखंड रेघ, अडखळत आल्यास तुटक रेघ, व न आल्यास कांहींच नाहीं, अशी खूण करावी. ही पाहणी ऊस पुरता वाढलेला असतां, व जमल्यास पाऊस चालू असतां करावी; कारण उन्हाळ्यांतील मोकळ्या रानाची पाहणी पावसाळ्यांत उपयोगीं पडत नाहीं. नकाशा पुरा झाला म्हणजे उंचावरचें कोणतें घर मध्यस्थ होण्यास योग्य हें आपोआप दिसतें. ज्या दोन घरांत रेघ नाहीं, त्यांचा निरोप त्या घरानें तोंडीं पुढें पोंचवावा.

यंत्र हातांत घेऊन पुढील गोष्टी पाहाव्या :

१. पाणी न शिरणें. यंत्रावर आय-पी असा अंक असतो. ६७ अंकाचें यंत्र एक मीटर पाण्यांत अर्धा तास टिकेल अशा कसोटीचें असतें. ५४ अंकाचें केवळ शिंतोडे सोसतें. पूरग्रस्त भागासाठीं पहिलेंच घ्यावें.

२. वीज. बॅटरी मोबाईलच्या साध्या केबलनें भरतां येत असल्यास ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवरूनही, योग्य चार्जर लावून, भरतां येते. सुटे सेल घालतां येणारें यंत्रही चांगलें. मात्र वापर नसतां सेल काढून ठेवावे, नाहीं तर ते पाझरून यंत्र खातात.

३. सोपेपणा. घरांतील वृद्ध माणसास व दहा वर्षांच्या मुलास अंधारांत चालवितां आलें पाहिजे. बटणें थोडीं व मोठीं असावीं, आवाज खणखणीत असावा.

४. मेळ. सर्व घरीं एकच चॅनेल व एकच कोड लावलेला असावा. कोडानें बोलणें गुप्त राहतें हा समज चुकीचा आहे. त्यानें इतरांचा गलबला आपल्या कानीं पडत नाहीं इतकेंच. आपलें बोलणें कोणासही ऐकूं जाऊं शकतें, म्हणून पैशाच्या व दागिन्यांच्या गोष्टी ह्यावर बोलूं नयेत.

यंत्रापेक्षां शिस्त महत्त्वाची आहे. बटण दाबून क्षणभर थांबावें व मग बोलावें, नाहीं तर पहिला शब्द तुटतो. आधीं ज्यास बोलवावयाचें त्याच्या वस्तीचें नांव, मग आपल्या वस्तीचें नांव, मग निरोप. आणि शेवटीं "संपलें" म्हणून बटण सोडावें. एका वेळीं एकासच बोलतां येतें. दोघांनीं बटण दाबल्यास कोणाचेंच ऐकूं जात नाहीं. ऐकण्यापेक्षां बोलण्यास बॅटरी कितीतरी अधिक खर्च होते, म्हणून निरोप थोडक्यांत असावा : कोठें, काय झालें, किती माणसें, काय पाहिजे. पावसाळ्यांत रोज रात्रीं आठ वाजतां सर्व वस्त्यांनीं हजेरी द्यावी. जी वस्ती सलग दोन वेळां बोलली नाहीं, तिच्याकडे, वाट सुरक्षित असल्यास, दोघांनीं मिळून जाऊन पाहावें. ह्या हजेरीनें यंत्र चालू आहे हेंही रोज कळतें.

जेथें मोबाईलला सिग्नल मिळतो अशा एका घराकडे बाहेरच्या जगाचें काम सोंपवावें. त्यानें निरोप लिहून घ्यावा व ११२ ह्या क्रमांकावर, अथवा जिल्हा आपत्ति कक्षाच्या १०७७ वर कळवावा. आपलीं यंत्रें पोलिसांस ऐकूं जात नाहींत. म्हणून हा दुवा नसल्यास सर्व वस्त्या एकमेकींस संकट सांगत बसतील व बाहेर कोणास पत्ता लागणार नाहीं.

ज्यांस खोऱ्यापलीकडे बोलावयाचें आहे त्यांच्यासाठीं हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, मार्ग आहे. त्यास केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअर येथें असलेल्या हॅम मंडळींनीं अंदमानांतील लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोंचविले, हें सर्वांस ठाऊक आहे. गांवांतील एखाद्या होतकरू तरुणानें ही परीक्षा दिल्यास त्यास वस्त्यांनीं मिळून साहाय्य करावें.

एवढें सांगूनही एक गोष्ट राहते. हें यंत्र सूचना देतें, संरक्षण देत नाहीं. पाणी चढूं लागलें, डोंगरास भेगा दिसल्या, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें, तर यंत्रावर चर्चा करीत न बसतां एकदां वर्दी द्यावी, जनावरांचीं दावीं सोडावीं व माणसांनीं निघावें. निघतांना यंत्र घराबरोबर न सोडतां हातांत घ्यावें, म्हणजे आपण कोठें पोंचलों हें मागच्यांस सांगतां येईल.

चार-सहा घरांनीं मिळून खर्च वांटून घेतल्यास हा बोजा कोणास जड होऊं नये. एक यंत्र जास्तीचें ठेवावें. ऊस उभा असतां पाहणी, मग उरलेल्या यंत्रांची खरेदी, आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं आठ दिवस हजेरीचा सराव, हा क्रम धरावा. पाहणीचा नकाशा व वस्त्यांचीं नांवें लिहिलेला कागद प्रत्येक घरीं दाराच्या आंतील बाजूस चिकटवून ठेवावा, म्हणजे घरांत जो कोणी असेल त्यास तो कामीं येईल.