शेजारचा स्पर्धक बंद पडावा असं वाटतंय? आधी बेअर्स आणि पॅकर्सचा हिशोब बघा

बॅचमध्ये दर वेळी एक प्रश्न येतोच: "सर, माझ्या शेजारीच त्याच मालाचं दुकान निघालंय, आता काय करू?" व्हिडिओत उत्तर थोडक्यात दिलंय. इथे ते नीट उदाहरण घेऊन बघू.

उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिकडचा फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि पॅड घालून, अंडाकृती चेंडू घेऊन धडका मारत खेळायचा खेळ. नियम माहीत नसले तरी चालेल, आपल्याला धंद्याचं गणित बघायचंय.

दोन शेजारी

ग्रीन बे पॅकर्स हा विस्कॉन्सिन राज्यातला संघ. कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅल्हून यांनी तो १९१९ मध्ये सुरू केला. जर्सीचे पैसे दिले लॅम्बो जिथे काम करायचे त्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने, म्हणून नाव पॅकर्स. शिकागो बेअर्सचीही सुरुवात अशीच. १९२० मध्ये डिकेटर गावातल्या स्टेली या स्टार्च कंपनीचा तो संघ होता. चालवायचे जॉर्ज हॅलस. पुढच्या वर्षी त्यांनी संघ शिकागोला नेला आणि १९२२ मध्ये नाव बेअर्स ठेवलं.

दोन्ही शहरांत अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. पहिला सामना २७ नोव्हेंबर १९२१ ला झाला, शिकागोने २०-० असा जिंकला. तेव्हापासून आजपर्यंत दोनशेहून जास्त सामने झालेत. या लीगमध्ये इतके सामने दुसऱ्या कुठल्याच जोडीत झालेले नाहीत. खुन्नस अशी की दोन्हीकडचे चाहते सगळ्या हंगामात याच सामन्याची वाट बघतात.

आता फरक बघा. शिकागो हे महानगर. ग्रीन बे आजही लाखभर वस्तीचं शहर. म्हणजे हायवेवरचा मोठा मॉल आणि गावातलं दुकान समजा.

१९५६: दुकान हलणार की राहणार?

१९५० च्या दशकात पॅकर्सचं मैदान जुनं आणि छोटं पडू लागलं. पाहुण्या संघांनाही तिकीटविक्रीतून वाटा मिळायचा. मैदान लहान, तर सगळ्यांचाच गल्ला लहान. त्यामुळे लीगमधल्या बाकीच्यांचा दबाव वाढला: नवं मैदान बांधा, नाहीतर संघ मिलवॉकीसारख्या मोठ्या शहरात न्या.

नव्या मैदानासाठी कर्ज काढायचं की नाही, यावर एप्रिल १९५६ मध्ये गावात मतदान ठरलं. त्याआधी प्रचारसभेत बोलायला कोण आलं? शिकागोचे जॉर्ज हॅलस! पस्तीस वर्षांचा कट्टर स्पर्धक समोर उभा राहून सांगतोय की मैदान बांधा. मतदान मोठ्या फरकाने मंजूर झालं. २९ सप्टेंबर १९५७ ला नवं मैदान सुरू झालं. पहिला सामना बेअर्सशीच होता, आणि पॅकर्सने तो २१-१७ असा जिंकला. आज ते मैदान लॅम्बो फील्ड म्हणून ओळखलं जातं.

हॅलस यांनी असं का केलं?

चांगुलपणा असेलही, पण हिशोब स्वच्छ आहे. पॅकर्स गेले असते तर शिकागोतलं सगळ्यात भरणारं जुनं वैर गेलं असतं. लोक फक्त बेअर्सला बघायला येत नव्हते, बेअर्स विरुद्ध पॅकर्स बघायला येत होते.

किंमतही मोजावी लागली, हे विसरू नका. १९६० च्या दशकात पॅकर्सने पाच विजेतेपदं मिळवली, बेअर्सला एकच मिळालं, १९६३ चं. मैदानात सूट कुणी कुणाला दिली नाही. पण १९६१ पासून टीव्हीचे हक्क लीगने एकत्र विकायचे आणि पैसे सगळ्या संघांत सारखे वाटायचे असं ठरलं. छोट्या ग्रीन बेला शिकागोएवढाच वाटा. म्हणजे मैदानात वैरी आणि बाजार उभा करायला भागीदार.

आता तुमचं दुकान

एक सावधगिरी. संघ एकटा खेळू शकत नाही, दुकान मात्र एकटंही चालतं. म्हणून हा धडा डोळे झाकून लावू नका. आधी स्वतःला विचारा: शेजारी उद्या बंद झाला तर माझं गिऱ्हाईक वाढेल की कमी होईल?

सोसायटीखालचं किराणा दुकान असेल तर कदाचित वाढेल. तिथे सरळ स्पर्धा करा. पण पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाचा विचार करा. लोक तिथे पुस्तकांच्या एका दुकानासाठी जात नाहीत, "एकात नाही तर दुसऱ्यात मिळेल" या खात्रीने जातात. अशा ठिकाणी अर्धी दुकानं बंद झाली, तर उरलेल्यांकडेही लोक कमी येतील.

तुमची जागा अशी असेल तर दोन रकाने पाडा:

- एकत्र करायचं: पार्किंग, दिवे, स्वच्छता, सणाची सजावट, गल्लीची जाहिरात, आपल्याकडे नसलेल्या मालासाठी शेजारी पाठवणं.
- एकट्याने लढायचं: मालाची निवड, सेवा, उधारीची शिस्त, डिलिव्हरी आणि भाव. मिळून भाव बांधून घेणं कायद्यात बसत नाही, त्या वाटेला जाऊ नका.

नुसता शेजाऱ्याला पाडायला तोट्यात माल विकत असाल, तर थांबा. तो पडेपर्यंत तुमचं भांडवल संपतं, आणि तो पडल्यावर गल्लीचं गिऱ्हाईक घटलं तर हाती काय राहिलं?

गृहपाठ: सलग सात दिवस गिऱ्हाइकांना सहज विचारा, "आज या बाजूला खास आमच्याकडेच आलात, की बाजारात फिरत फिरत?" दोन्हींच्या रेघा वहीत ओढा. "फिरत फिरत" वाल्या रेघा जास्त निघाल्या, तर या रविवारी शेजाऱ्याकडे चहाला जा आणि पार्किंगपासून विषय काढा. सोमवारी पुन्हा काउंटरवर जोरात लढा!