न जुळणारं हाड आणि प्रयोगशाळेतला उंदीर

हात मोडला की डॉक्टर प्लास्टर घालतात आणि काही आठवड्यांनी हाड जुळतं. पण ते जोडतं कोण? प्लास्टर नाही बरं का! प्लास्टर हाडाला फक्त हलू देत नाही. जोडण्याचं काम आपलं शरीरच करतं.

हाड कसं जुळतं?
१) मोडलेल्या जागी रक्ताची गुठळी होते.
२) तिथे मऊ कूर्चा तयार होते.
३) कूर्चेच्या जागी कच्चं हाड येतं.
४) त्याला हळूहळू मूळचा आकार आणि मजबुती येते.

मग कधी कधी का जुळत नाही?
रक्तपुरवठा तुटला, जंतुसंसर्ग झाला, हाड हलत राहिलं किंवा हाडाचा तुकडाच निघून गेला, तर हे काम मध्येच थांबतं. धूम्रपान आणि मधुमेह यांमुळेही धोका वाढतो. अशा रुग्णाला महिनोन् महिने धड चालता येत नाही, कामावर जाता येत नाही.

शास्त्रज्ञांपुढची अडचण
नवा उपाय आधी प्राण्यांवर तपासतात. पण निरोगी उंदराचं मोडलेलं हाड बहुधा आपोआप जुळतं. औषध दिलं आणि हाड जुळलं, तर श्रेय औषधाला द्यायचं की उंदराच्या शरीराला? म्हणून आधी न जुळणारं हाडच तयार करावं लागतं. उंदराला भूल देऊन मांडीच्या हाडाचा ५ ते ८ मिलिमीटर तुकडा काढतात. एवढी फट आपोआप भरत नाही. काही उंदरांना औषध देतात, काहींना देत नाहीत. आपण एक कुंडी उजेडात आणि एक अंधारात ठेवतो ना, तशीच ही तुलना.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे
उंदराच्या हाडाची आतली रचना आपल्यापेक्षा वेगळी आणि वजन खूपच कमी. त्यामुळे पुढची तपासणी मेंढीवर करतात, कारण तिचं वजन माणसाच्या जवळपास असतं.

याचा उपयोग झाला का?
हो. १९६५ मध्ये अमेरिकेतील डॉ. मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं, की क्षार काढून टाकलेलं हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवलं तर तिथेही नवं हाड तयार होतं! त्यातूनच पुढे हाड घडवणारी प्रथिनं सापडली. त्यातल्या एका प्रथिनाला २००४ मध्ये अमेरिकेत नडगीच्या उघड्या जखमेच्या फ्रॅक्चरसाठी मान्यता मिळाली.

प्राण्यांचं काय?
वेदना त्यांनाही होतातच. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी तीन नियम सांगितले: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरा, कमीत कमी प्राणी घ्या, त्रास कमीत कमी द्या. भारतातही १९६० च्या कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख असते. आणि प्रयोगाची आखणीच चुकली, तर त्या प्राण्याचा त्रास फुकट जातो. म्हणून 'आधी नीट विचार, मग प्रयोग' ही दयासुद्धा आहे आणि विज्ञानसुद्धा.

विचार करा:
१) औषध न दिलेले उंदीर प्रयोगात कशासाठी हवेत?
२) उंदरावर यशस्वी ठरलेलं औषध लगेच माणसाला का देत नाहीत?
३) तीन नियमांपैकी तुम्हाला सर्वांत महत्त्वाचा कोणता वाटतो? का?